इंजिनाच्या एअर फिल्टरचे नुकसान कसे टाळावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एअर फिल्टर मळतो तो धुळीने, पण खराब होतो तो बहुधा माणसाच्या हातून. तो वरचेवर उघडून पाहणे, त्याला हवा मारणे, तो आपटणे, धुणे, घाईने तिरपा बसवणे यांतून होणारे नुकसान रस्त्यावरच्या धुळीने होणाऱ्या नुकसानापेक्षा अधिक असते आणि ते लवकर लक्षातही येत नाही. वाहनधारकांच्या मनात या विषयी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे त्याच दृष्टीने दिली आहेत.

एअर फिल्टर इंजिनाला नेमके कशापासून वाचवतो?

पेट्रोल पूर्णपणे जाळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते, म्हणजे त्याला सुमारे ११ किलो हवा हवी; घनफळात ही हवा साधारण ९,००० लिटर भरते. लिटरला १५ किलोमीटर जाणारी मोटार १५,००० किलोमीटरच्या प्रवासात १,००० लिटर पेट्रोल जाळते, आणि तेवढ्या काळात तिच्या फिल्टरमधून ९० लाख लिटर हवा जाते. डिझेल इंजिन तर ज्वलनाला लागते त्यापेक्षा जास्तच हवा ओढत असते.

या हवेतल्या धुळीचा मोठा भाग सिलिकाचा, म्हणजे क्वार्ट्‌झच्या बारीक कणांचा असतो. मोह्‌स मापनावर क्वार्ट्‌झची कठीणता ७ आहे, म्हणजे सिलिंडर ज्या बिडाचा बनवतात त्यापेक्षा तो कठीण आहे. सर्वांत घातक असतात ते ५ ते २० मायक्रॉनचे कण. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली, तर हे कण किती बारीक असतात याची कल्पना येईल. पिस्टन रिंग आणि सिलिंडर यांच्यामधला किंवा बेअरिंगमधला तेलाचा थर जवळपास याच जाडीचा असल्यामुळे असा कण त्या थरात अडकतो आणि दोन्ही पृष्ठभागांना एकाच वेळी घासत राहतो. पुढे तो तेलात मिसळून इंजिनभर फिरतो. टर्बोचार्जर (हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा) असलेल्या इंजिनात तर त्याआधीच टर्बोच्या वेगाने फिरणाऱ्या पात्यांच्या कडा झिजू लागतात.

फिल्टर काळा किंवा मातकट दिसू लागला म्हणजे तो खराब झाला असे समजावे का?

नाही, आणि बहुतेक चुका याच गैरसमजातून होतात. कागदी फिल्टर चहाच्या गाळणीसारखा केवळ भोकांच्या आकारावर चालत नाही. त्याच्या तंतूंच्या जाळ्यातून हवा वळणे घेत जाते. जड कण त्या वळणांबरोबर वळू शकत नाहीत आणि तंतूंवर आदळून चिकटतात, तर फार हलके कण इतस्ततः भरकटत तंतूंना जाऊन लागतात. शिवाय अडकलेल्या धुळीचाच एक पातळ थर फिल्टरवर तयार होतो आणि तोही नव्या धुळीला अडवू लागतो. त्यामुळे थोडा मळलेला फिल्टर हा कोऱ्या फिल्टरपेक्षा अधिक चांगले गाळतो. फिल्टरच्या चाचणीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या आयएसओ ५०११ या मानकातही सुरुवातीची कार्यक्षमता आणि धूळ भरल्यानंतरची कार्यक्षमता यांची मोजणी वेगवेगळी करतात, ती याच कारणासाठी.

येथे टक्केवारीतला लहानसा फरकही मोठा असतो. ९९ टक्के धूळ अडवणारा आणि ९९.५ टक्के धूळ अडवणारा फिल्टर वरवर पाहता सारखेच वाटतात, परंतु इंजिनात शिरणारी धूळ दुसऱ्या फिल्टरमधून पहिल्याच्या निम्मीच जाते. म्हणून केवळ रंग पाहून फिल्टर बदलण्याची किंवा साफ करण्याची घाई करू नये.

मळलेला फिल्टर आणि बिघडलेला फिल्टर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे ध्यानात ठेवले तरी बरेच काम होते. फिल्टर मळून तुंबला तर गाडीची ताकद कमी होते आणि नवा फिल्टर टाकताच ती परत येते. फिल्टर फाटला किंवा त्याची कड उघडी राहिली तर मात्र गाडी उलट मोकळी धावल्यासारखी वाटते, आणि त्या मोकळेपणात इंजिनाची जी झीज होते ती भरून येत नाही.

सर्व्हिसिंगच्या वेळी फिल्टरला हवा मारून तो साफ करून घेणे योग्य आहे का?

प्रवासी मोटारींच्या आणि दुचाकींच्या कागदी फिल्टरबाबत माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे, मग ही पद्धत कितीही रुळलेली असो.

कार्यशाळेतल्या कॉम्प्रेसरमध्ये साधारणपणे ६ ते ८ बार दाबाची हवा असते. तिचा झोत जवळून फिल्टरच्या कागदाच्या घडीवर पडला की कागदाचे तंतू एकमेकांपासून फाकतात आणि बारीक छिद्रे पडतात. ही छिद्रे उजेडात धरूनही नेहमी दिसतातच असे नाही. घडीच्या टोकाला कागद आधीच वाकलेला असल्याने तेथे तो चिरण्याचा धोका सर्वाधिक असतो. दुसरे असे की झोत बाहेरच्या बाजूने मारला तर जी धूळ वरच्या थरात अडकली होती ती कागदाच्या आत ढकलली जाते आणि पुढे इंजिनाच्या बाजूने सुटते. तिसरे म्हणजे, ज्या धुळीच्या थरामुळे फिल्टर अधिक चांगले गाळू लागलेला असतो तोच थर आपण उडवून देतो. एवढे करूनही खोलवर रुतलेली धूळ निघत नाही. वरवर निघते आणि फिल्टर स्वच्छ झाल्याचे समाधान तेवढे मिळते.

काही जड यंत्रांचे उत्पादक आपल्या मुख्य फिल्टरला हवा मारण्याची मुभा देतात, पण ती अटींसह. दाब सुमारे २ बार, म्हणजे ३० पीएसआय, यापेक्षा जास्त नसावा. झोत नेहमी आतून बाहेर, म्हणजे स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे असावा. नळी घडीपासून दूर धरावी. आणि असे किती वेळा करायचे याचीही मर्यादा पाळावी. तुमच्या वाहनाच्या पुस्तिकेत अशी परवानगी लिहिलेली नसेल तर ती नाही असेच समजावे. सर्व्हिसिंगला गाडी देताना ‘फिल्टरला हवा मारू नये, बदलण्याजोगा असेल तर बदलावा, नसेल तर तसाच बसवावा’ असे कामाच्या कागदावर लिहून द्यावे. तोंडी सांगितलेले कामाच्या गर्दीत राहून जाते.

हवा न मारता, फिल्टर जमिनीवर किंवा चाकावर हलकेच आपटून झटकला तर चालेल का?

त्यानेही नुकसानच होते. आपटल्याने फिल्टरच्या कडेचे मऊ सील दबते, गोल फिल्टरच्या टोकाची पत्र्याची झाकणे चेपतात आणि घडी त्यांच्या चिकटवलेल्या जागेवरून सुटते. फिल्टरवर पाने, मेलेले किडे किंवा कागदाचे तुकडे पडलेले असतील तर ते हाताने उचलून टाकावेत. त्यापलीकडे काही करू नये.

कागदी फिल्टर पाण्याने किंवा साबणाने धुता येतो का?

येत नाही. हा कागद साधा नसून त्याला ताठपणा देण्यासाठी रेझिन पाजलेले असते. पाण्याने तंतू फुगतात, घडी एकमेकींना चिकटतात आणि वाळल्यावर कागद पूर्वीच्या आकारात येत नाही. पेट्रोल, रॉकेल किंवा डिझेलने धुणे याहून वाईट, कारण त्यात घडी धरून ठेवणारा गोंद आणि सील दोन्ही बिघडतात, आणि ज्वालाग्राही वाफ इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवा आत घेण्याच्या मार्गात, जाते ती वेगळीच.

धुऊन पुन्हा वापरता येणारे कापडी किंवा फोमचे फिल्टर कसे सांभाळावेत?

सुती जाळीचे आणि फोमचे फिल्टर धुळीला अडवतात ते मुख्यतः त्यांच्यावर लावलेल्या चिकट तेलाच्या जोरावर. ते कोरडे ठेवले तर बारीक धूळ सहज आरपार जाते. म्हणून धुतल्यानंतर ते सावलीत पूर्ण वाळू द्यावेत, त्यासाठीचेच तेल सगळीकडे सारखे लावावे आणि जास्तीचे तेल निथळून जाऊ द्यावे. फोम पिळताना मुठीत दाबावा. कपडा पिळतो तसा त्याला पीळ देऊ नये, कारण त्याने फोम फाटतो आणि जोड सुटतात. उन्हात, हीटरजवळ किंवा गरम हवेच्या झोतात वाळवणेही टाळावे.

तेल जास्त झाले तरी त्रास होतो. बहुतेक आधुनिक मोटारींमध्ये फिल्टरच्या लगेच पुढे मास एअर फ्लो सेन्सर असतो. त्यात तापवलेली अत्यंत बारीक तार किंवा पातळ पट्टी असते आणि ती थंड होण्याच्या प्रमाणावरून किती हवा आत आली हे मोजले जाते. फिल्टरचे जास्तीचे तेल उडून तिच्यावर बसले आणि त्यावर धूळ चिकटली की मोजणी चुकते, इंधनाचे प्रमाण बिघडते आणि इंजिनाचा इशारा दिवा लागतो. माझ्या मते रोजच्या वापराच्या मोटारीला कंपनीने दिलेल्या प्रकारचा कागदी फिल्टरच सर्वांत निर्धोक आहे. धुण्याचा फिल्टर त्यानेच घ्यावा, जो तो प्रत्येक वेळी वेळ काढून नीट धुऊन, वाळवून, तेल लावून बसवणार आहे.

स्कूटरचा फिल्टर नवा असतानाच तेलकट लागतो. तो सदोष आहे का?

नाही. बऱ्याच स्कूटर आणि मोटारसायकलींमध्ये कारखान्यातच तेल पाजलेला कागदी फिल्टर असतो. त्याचा चिकटपणा हाच त्याचा गुण आहे. त्याला हवा मारली तर तेल उडून जाते, कागद कोरडा पडतो आणि तो निरुपयोगी होतो. ठरलेले अंतर भरेपर्यंत त्याला हात लावू नये आणि ते भरल्यावर तो टाकून नवा घालावा.

फिल्टर पाण्याने भिजला तर काय करावे?

ओला कागद हवेला मोठा अडथळा करतो. इंजिन मात्र हवा ओढतच राहते, त्यामुळे फिल्टरच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक वाढतो आणि मऊ पडलेल्या घडी आत खेचल्या जातात. कधी कधी पूर्ण फिल्टर चेपून फाटतो आणि त्याचे तुकडे इनटेकमध्ये जातात. भिजलेला कागदी फिल्टर वाळवून पुन्हा वापरू नये, कारण तो दिसायला ठीक वाटला तरी त्याच्या घडींचा ताठपणा गेलेला असतो.

भिजण्याची कारणे मात्र शोधायला हवीत. फिल्टरच्या डब्याच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी एक लहान भोक किंवा रबरी नळी असते. ती मातीने बुजली तर शिंतोड्यांचे पाणी आतच साचते. हवा आत घेणाऱ्या नळीचे तोंड अपघातानंतरच्या दुरुस्तीत चुकीच्या दिशेने बसवले गेले, तर पुढच्या चाकाचे पाणी थेट आत येते. इंजिनाचा भाग जोरदार फवाऱ्याने धुताना हे तोंड झाकायचे राहून जाणे हेही एक नेहमीचे कारण आहे. दुचाकी धुताना सीटखालच्या किंवा बाजूच्या पॅनेलमागच्या फटींवर फवारा धरू नये. बर्फाळ प्रदेशात वाऱ्याने उडणारा भुरभुरीत बर्फही फिल्टरवर थापला जाऊन हवा अडवतो.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली असेल तर ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न अजिबात करू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला तर पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. आधी फिल्टरचा डबा उघडून पाहावा. फिल्टर ओला असेल किंवा त्याच्या पुढच्या नळीत पाणी असेल, तर स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढून सिलिंडरमधले पाणी बाहेर काढल्याशिवाय इंजिन फिरवू नये. हे काम जाणकार मेकॅनिककडेच सोपवावे आणि गाडी तेथे ओढून न्यावी.

फिल्टरच्या आतल्या बाजूला इंजिन ऑइल लागलेले दिसते. हा फिल्टरचा दोष आहे का?

फिल्टर येथे केवळ बळी असतो. इंजिनाच्या खालच्या भागातल्या वाफा पुन्हा इनटेककडे नेणारी जी ब्रीदर नळी असते, तिच्यातून हे तेल येते. ऑइल पातळीपेक्षा जास्त भरले जाणे, त्या मार्गावरचा व्हॉल्व तुंबणे किंवा पिस्टन रिंग झिजल्याने खाली जास्त दाब तयार होणे ही त्याची मुख्य कारणे आहेत. दुचाकी आडवी पडल्यावरही तेल डब्यात उतरते. तेलाने माखलेला फिल्टर बदलावाच लागतो, परंतु कारण न शोधता बदलला तर नवाही त्याच वाटेने जातो.

फिल्टर चांगल्या दर्जाचा असूनही धूळ आत जाऊ शकते का?

जाऊ शकते, आणि बहुतेक वेळा ती फिल्टरच्या कागदातून नव्हे तर त्याच्या बाजूने जाते. हवा नेहमी कमी अडथळ्याची वाट धरते. सील आणि डबा यांच्यामध्ये बारीकशी फट राहिली तरी न गाळलेली हवा तिच्यातून वेगाने आत शिरते, आणि फिल्टर जसजसा तुंबत जातो तसतशी ही गळती वाढत जाते.

फटी कोठे पडतात ते पाहू. डब्याच्या चार क्लिपांपैकी एखादी तुटलेली असते आणि झाकण त्या कोपऱ्यात उचललेले राहते. स्क्रू हरवतो आणि त्या जागी काहीच लागत नाही, किंवा स्क्रू जास्त आवळल्यामुळे प्लास्टिकचा आटा जातो. झाकणाची पाठीमागची जिभळी खाचेत न बसताच पुढच्या क्लिपा ओढून लावल्या जातात. वरून सारे ठीक दिसते, पण मागची बाजू उघडी असते. डब्यापासून थ्रॉटलपर्यंत, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेपर्यंत, जाणाऱ्या रबरी नळीला घडीच्या खाचांमध्ये भेगा जातात, ज्या नळी वाकवून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. तिचा क्लॅम्प सैल असतो. फिल्टरनंतरच्या भागात अशी भेग असेल तर जगातला सर्वांत चांगला फिल्टरही काही करू शकत नाही.

फिल्टर स्वस्त घेण्याच्या नादात मापाला थोडासा लहान किंवा उंचीला कमी मिळाला, तर सील दाबलेच जात नाही. मूळ फिल्टर आणि नवा फिल्टर शेजारी ठेवून लांबी, रुंदी, सीलची जाडी आणि घडींची संख्या पाहावी. घडी लक्षणीय कमी असतील तर कागदही कमी आहे, म्हणजेच तो लवकर तुंबणार आहे.

धूळ आत जात आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे?

फिल्टर काढल्यानंतर डब्याच्या स्वच्छ बाजूला, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या आतून, स्वच्छ पांढरे कापड फिरवावे. त्यावर मातीचा रंग आला तर कोठेतरी गळती आहे. काढलेल्या फिल्टरच्या सीलवर धुळीची रेघ कशी उमटली आहे तेही पाहावे. ती कडेच्या बाहेरच थांबलेली असावी; सील ओलांडून आत गेलेला एखादा ओघळ दिसला तर त्याच जागी सील बसत नाही असे समजावे. अंधाऱ्या खोलीत फिल्टरच्या मागे टॉर्च धरून घडी फाकवून पाहिल्यास मोठी छिद्रे दिसतात. प्रकाशाचा ठिपका दिसला तर फिल्टर बाद करावा. ठिपका न दिसणे हा मात्र तो निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे.

ज्यांच्याकडे मोठी किंवा महागडी इंजिने आहेत त्यांनी ठरावीक काळाने ऑइलचा नमुना प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा. त्यात सिलिकॉनचे (धुळीतल्या सिलिकामधल्या मूलद्रव्याचे) प्रमाण वाढत असेल आणि सोबत लोह, क्रोमियम, अॅल्युमिनियम यांचेही प्रमाण चढत असेल, तर धूळ आत जाऊन रिंग, सिलिंडर आणि पिस्टन झिजत आहेत असा त्याचा अर्थ होतो. सिलिकॉनचे काही प्रमाण सीलंटमधूनही येऊ शकते, म्हणून एकट्या आकड्यावरून घाबरून न जाता हे सर्व आकडे एकत्र वाचावेत.

उंदरांनी फिल्टर कुरतडला. हे कसे टाळावे?

काही आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीतला फिल्टरचा डबा उंदरांना कोरडी, अंधारी आणि आयत्या कागदाची जागा वाटते. ते घरटे करतात, कागद कुरतडतात आणि त्यांच्या मुत्राने कागद कुजतो. हवा घेणाऱ्या तोंडाला बारीक धातूची जाळी लावता येते, परंतु ती हवेला अडवणार नाही एवढी मोकळी आणि सुटून आत जाणार नाही एवढी घट्ट असावी. गाडी अधूनमधून हलवणे आणि आसपास खाद्यपदार्थ न ठेवणे हे उपाय साधे असले तरी परिणामकारक आहेत. दीर्घकाळ उभी असलेली गाडी सुरू करण्यापूर्वी डबा उघडून पाहावा. फिल्टर एरवी उघडू नये असे मी म्हणतो, त्याला हा अपवाद आहे.

ट्रक, ट्रॅक्टर आणि जड यंत्रांच्या फिल्टरसाठी वेगळी काळजी घ्यावी लागते का?

घ्यावी लागते, कारण ही वाहने ज्या धुळीत काम करतात तिची तुलना डांबरी रस्त्याशी होऊ शकत नाही. म्हणून त्यांच्यात बहुधा तीन पायऱ्यांची रचना असते. सर्वांत आधी प्रीक्लीनर असतो. त्यात हवा गोल फिरवली जाते, जड धूळ कडेला फेकली जाऊन वेगळी होते आणि मुख्य फिल्टरपर्यंत फार थोडी पोहोचते. त्यानंतर मुख्य फिल्टर आणि त्याच्या आत एक लहान सुरक्षा फिल्टर असतो.

डब्याच्या तळाला चोचीसारखा रबरी व्हॉल्व असतो. इंजिन चालू असताना तो थरथरत उघडझाप करतो आणि साठलेली धूळ बाहेर सोडतो. हा व्हॉल्व फाटला, ताठरला किंवा गळून पडला तर धूळ बाहेर पडण्याऐवजी तेथूनच बाहेरची हवा आत येते आणि प्रीक्लीनरचे काम बिघडते. रोज काम सुरू करण्यापूर्वी तो बोटांनी दाबून धूळ मोकळी करण्याची सवय लावावी. एवढ्याशा रबरी तुकड्यावर मुख्य फिल्टरचे आयुष्य अवलंबून असते, आणि तरीही तपासणीतून तो हमखास सुटतो.

मुख्य फिल्टर कधी बदलायचा हे डोळ्यांनी नव्हे तर अडथळा दाखवणाऱ्या मापकावरून ठरवावे. बऱ्याच डिझेल इंजिनांसाठी ही मर्यादा सुमारे ६.२ किलोपास्कल, म्हणजे पाण्याच्या २५ इंच स्तंभाइतकी असते. तुमच्या यंत्राचा नेमका आकडा पुस्तिकेतून घ्यावा. मापक पूर्ण भार असताना जे दाखवतो तेच खरे मानावे आणि नवा फिल्टर घातल्यावर तो पूर्ववत शून्यावर आणावा. मापकावरचा अडथळा फिल्टर न बदलताच एकाएकी कमी झाला तर आनंद मानू नये. फिल्टर फाटला आहे किंवा सील सुटले आहे, असा त्याचा अर्थ असण्याची शक्यता मोठी असते.

सुरक्षा फिल्टर कधीही साफ करू नये. मुख्य फिल्टर तीनदा बदलला की एकदा सुरक्षा फिल्टर बदलावा, हा सर्वसाधारण नियम आहे. मुख्य फिल्टर बदलताना सुरक्षा फिल्टर उगाच बाहेर काढला तर डब्यातली धूळ थेट इंजिनाच्या नळीत पडते.

जुन्या ट्रॅक्टरांमध्ये तेलाच्या भांड्याचा फिल्टर असतो. त्यात तेल खुणेपर्यंतच भरावे, गाळ साचला की ते बदलावे आणि उतारावर काम करताना ते इंजिनाकडे ओढले जाणार नाही याकडे लक्ष द्यावे.

कच्च्या रस्त्यावरून जाताना चालकाने काय करावे?

पुढच्या वाहनाच्या धुळीच्या लोटातून जाऊ नये. लोट खाली बसेपर्यंत अंतर ठेवावे किंवा वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला सरकावे. असा एक दिवसही फिल्टरमध्ये डांबरी रस्त्यावरच्या अनेक महिन्यांइतकी धूळ भरू शकतो.

मळलेल्या फिल्टरमुळे मायलेज कमी होते, हे खरे आहे का?

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांबाबत खरे आहे, कारण त्यांत हवा कमी झाली तरी इंधन तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही. इंधन इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांबाबत मात्र हा समज आता टिकत नाही. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली केलेल्या चाचण्यांत असे दिसले की, तुंबलेल्या फिल्टरमुळे अशा गाड्यांच्या इंधनखपतीत लक्षणीय फरक पडला नाही. गाडीचा वेग घेण्याचा जोर मात्र कमी झाला. इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक आत आलेली हवा मोजून त्याप्रमाणेच इंधन सोडतो, हे त्याचे कारण. डिझेल इंजिनात फिल्टर फारच तुंबला तर काळा धूर येतो आणि एक्झॉस्टचे तापमान वाढते.

मायलेजच्या भीतीने फिल्टर वारंवार साफ करून घेणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. जो तोटा होत नव्हता तो टाळण्यासाठी ते खरा धोका ओढवून घेत असतात.

फिल्टर किती किलोमीटरनंतर बदलावा?

वाहनाच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतरानंतर. धुळीच्या किंवा खडतर वापरासाठी पुस्तिकेत वेगळे, कमी अंतर दिलेले असते. आपला वापर कोणत्या प्रकारात बसतो हे प्रामाणिकपणे ठरवावे. अंतर भरले नाही तरी कागद जुना होतो, म्हणून पुस्तिकेत वर्षांची मर्यादा असेल तर तीही पाळावी.

जास्त हवा मिळावी म्हणून डब्याला भोके पाडणे किंवा फिल्टर काढून गाडी चालवणे कितपत योग्य आहे?

दोन्ही पूर्णतः अयोग्य. डब्याला मळक्या बाजूने भोक पाडले तर इंजिनाजवळची गरम, पातळ हवा आणि पाणी आत येते. स्वच्छ बाजूने पाडले तर फिल्टर असून नसल्यासारखा होतो. फिल्टर इंजिनातून उलट आलेली ज्वाळ अडवण्याचेही काम करतो, म्हणून तो काढून इंजिन चालवणे आगीच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे.

एसीचा फिल्टर आणि हा फिल्टर एकच का?

नाही. एसीचा म्हणजे केबिनचा फिल्टर प्रवाशांच्या श्वासाची हवा गाळतो. बिल कोणत्या फिल्टरचे आहे हे तपासून घ्यावे.

नवा फिल्टर बसवताना कोणती काळजी घ्यावी?

डबा उघडण्यापूर्वी त्याच्या बाहेरची धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, नाही तर झाकण उचलताच ती आत पडते. जुना फिल्टर हलके, सरळ वर उचलावा. तो हिसकल्यास त्यावरची धूळ इंजिनाच्या बाजूला सांडते. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचे तोंड स्वच्छ कापडाने झाकावे आणि मगच डबा ओलसर फडक्याने पुसावा. येथेही हवा मारू नये. झाकलेले कापड काढायला विसरू नये म्हणून ते रंगीत आणि मोठे घ्यावे. सील जेथे बसते ती खाच बोटाने चाचपून पाहावी. तेथे वाळूचा एक खडा राहिला तरी सील उचललेले राहते. सीलला ग्रीस लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, परंतु पुस्तिकेत तसे सांगितलेले नसेल तर ते टाळावे, कारण ग्रीसवर धूळ चिकटते आणि पुढच्या वेळी गळतीची खूण ओळखता येत नाही. फिल्टर वर-खाली उलटा नाही याची खात्री करावी, झाकण आधी मागच्या खाचेत अडकवावे, मग समोरासमोरच्या क्लिपा आळीपाळीने लावाव्यात. क्लिप लावायला नेहमीपेक्षा जास्त जोर लागत असेल तर फिल्टर तिरपा बसला आहे. जोर न करता पुन्हा उघडावे.

सुटा फिल्टर आधीच घेऊन ठेवला असेल तर तो कसा ठेवावा?

बसवण्याच्या क्षणापर्यंत तो त्याच्या खोक्यातून बाहेर काढू नये. खोके कोरड्या जागी ठेवावे, त्यावर जड वस्तू रचू नये आणि ते पेट्रोल, ऑइल किंवा रंगाच्या डब्यांपासून दूर असावे. गोल फिल्टर खिळ्याला किंवा दोरीला अडकवून ठेवल्यास त्याची कड वाकते. वाहनाबरोबर न्यायचा असेल तर हत्यारांनी खच्चून भरलेल्या पेटीत तो टाकू नये. खोके ओले झालेले किंवा चेपलेले आढळले, तर सील आणि घडी नीट पाहिल्याशिवाय तो फिल्टर वापरू नये. सील एका जागी जरी कायमचे दबलेले दिसले तरी तो परत करावा किंवा टाकून द्यावा.